बंब, गीझर आणि द्वारकेचा हिवाळा

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आम्ही काही लिहावे असा आग्रह झाला, तेव्हा आम्ही ‘न्हाणीघराचा इतिहास’ हा विषय सुचविला. संपादक मंडळी क्षणभर स्तब्ध झाली. गणेशोत्सव, नाट्यप्रयोग, व्याख्यानमाला यांच्या पंक्तीत न्हाणीघराचे पान कोठे मांडावे, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. तथापि आमचे म्हणणे असे की, महाराष्ट्रातून दिल्लीस आलेल्या कुटुंबाला परमुलुख खऱ्या अर्थाने जाणवतो तो पहिल्या डिसेंबरच्या पहाटे, नळाखाली हात धरताच. त्या क्षणापासून साऱ्या घराचे दिनमान ऊन पाण्याभोवती फिरू लागते. या ऊन पाण्याचा हिशोब एका पिढीच्या हयातीत कसा बदलला, त्यात आपण काय मिळविले आणि काय गमावले, हे नोंदविणे अस्थानी ठरू नये.

आमच्या पिढीतील अनेकांचे बालपण बंबाच्या उबेत गेले. तांब्याचा उभा बंब, त्याच्या मधोमध खालपासून वरपर्यंत गेलेली नळी, तळाशी जाळी, जाळीवर निखारे आणि खाली राखेची जागा. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत पेशवाईच्या काळी वसलेल्या कारागिरांच्या वंशजांनी असे बंब, हंडे आणि घंगाळी हातोडीने ठोकून घडविली. त्या ठोक्यांच्या नक्षीस मठारकाम म्हणतात. बंबाची रचना बारकाईने पाहिली, तर ती करणाऱ्यांच्या शहाणपणाचे कौतुक वाटते. चुलाण्यावरच्या हंड्याभोवती आगीची बरीच उष्णता चहूकडे निघून जाते. बंबात मात्र आगच पाण्याच्या पोटात असते. ज्वाळा मधल्या नळीतून वर जातात आणि नळीभोवतीचे पाणी त्यांची उष्णता शोषून घेते. काही बंबांना वर नरसाळ्यासारखे तोंड असे. त्यातून तांब्याभर थंड पाणी ओतले की तेवढेच कढत पाणी तोटीतून बाहेर पडे. थंड पाणी जड म्हणून तळाशी जाते, ऊन पाणी हलके म्हणून वर राहते. आजच्या गीझरची टाकीही याच नियमावर चालते.

बंबाचा दुसरा गुण असा की त्याचा खर्च डोळ्यांना दिसे. चार ढलप्या, दोन गोवऱ्या, मूठभर करवंट्या एवढ्यात घरच्या साऱ्यांच्या आंघोळी उरकाव्या लागत. म्हणून आंघोळी पाठोपाठ होत आणि पाणी निवण्यास अवसरच मिळत नसे. विसण किती घालावयाचे याचेही प्रमाण ठरलेले असे. मात्र या काटकसरीचे मोल कोणी दिले, हेही सांगितले पाहिजे. पहाटे सर्वांच्या आधी उठून, डोळ्यांत धूर घेऊन, फुंकणीने निखारे फुलविणारी आमची आई होती. बंबाच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांत आम्ही पुरुषच अधिक असतो, याचे कारण बहुधा हेच असावे.

‘गीझर’ हा शब्द मुळात आइसलंडमधील एका उसळत्या उष्ण झऱ्याच्या नावावरून आला. लंडन येथील बेंजामिन वॅडी मॉन या गृहस्थाने १८६८ साली वायूच्या ज्योतीवर वाहते पाणी तापविणारे यंत्र काढले आणि त्यास हे नाव दिले. त्या यंत्रातील मोठा दोष म्हणजे त्याला धुराडे नव्हते. ज्योतीतून निघणारे वायू थेट स्नानगृहात पसरत. पुढे १८८९ साली अमेरिकेत एडविन रूड यांनी टाकीत पाणी साठवून आपोआप तापविणारे यंत्र सिद्ध केले. या दोन कल्पनांपैकी साठवणुकीची कल्पना विजेवर स्वार होऊन आपल्या घरांत आली. धुराड्याविना जळणाऱ्या ज्योतीचा धोका मात्र, पुढे दिसेल त्याप्रमाणे, अद्यापि टळलेला नाही.

दिल्लीत पहाडगंज, करोलबाग येथील भाड्याच्या खोल्यांत आणि सरोजिनीनगर, रामकृष्णपुरम येथील सरकारी क्वार्टरांत राहणाऱ्या महाराष्ट्रीय कुटुंबांना बंब मांडण्यास जागा नव्हती. तेथे अंगीठीवरचे पातेले आणि पुढे विजेची कांडी, म्हणजे इमर्शन रॉड, यांवर हिवाळे निघाले. आज या कांडीला आपण हसतो. वास्तविक हिशोबाच्या दृष्टीने ती फारशी वाईट नव्हती. एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास एक किलोकॅलरी लागते आणि विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. १५ लिटरची बादली १५ अंशांवरून ४० अंशांवर न्यावयाची, तर ३७५ किलोकॅलरी, म्हणजे ०.४४ युनिट खर्च होते. १५०० वॅटची कांडी हे काम सुमारे १७ मिनिटांत करी, आणि पाणी तापताच ते वापरले जाई. परंतु कांडी बंद न करता बादलीत हात घालणे म्हणजे जिवाशी खेळ. लहान मुले असलेल्या घरात तिचा भरवसा धरता येत नाही. म्हणून कांडीचा काळ संपला याचे आम्हांस दुःख नाही.

दिल्ली विकास प्राधिकरणाने शहराच्या नैर्ऋत्येस पप्पनकलां प्रकल्प म्हणून आखलेले उपनगर पुढे द्वारका या नावाने वसले. निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेल्या आपल्या अनेक कुटुंबांप्रमाणे आम्हीही तेथील एका सहकारी गृहसंस्थेत सदनिका घेतली. श्रीकृष्णाची द्वारका समुद्रात होती, आमच्या द्वारकेत पाण्याचेच दुर्भिक्ष. मुनक कालव्याच्या पाण्यावर चालणारे येथील जलशुद्धीकरण केंद्र २०१५ साली सुरू होण्यापूर्वी कूपनलिका आणि टँकर यांवर फार भिस्त असे. कूपनलिकेचे पाणी जड. असे पाणी तापले की त्यातील चुना वेगळा होऊन गीझरच्या कॉईलवर आणि टाकीच्या आत थर धरतो. थर जाड होईल तसा पाणी तापण्यास उशीर लागतो, आणि शेवटी कॉईल जळते.

नव्या घराच्या उत्साहात आम्ही दोन स्नानगृहांत २५ लिटरचे दोन गीझर बसविले. दुकानदार म्हणाला, ‘मोठाच घ्या, पाहुणे येतात.’ त्यानुसार पाहुण्यांच्या नावाने घेतलेले ते गीझर आम्ही पहिला हिवाळाभर अहोरात्र चालू ठेवले. पाणी तापले की बटण आपोआप बंद होते, मग वीज जाईल कशी, असा आमचा भाबडा समज होता. महिन्याचे बिल आले, तेव्हा मीटर बिघडला असेल असे ठरवून आम्ही तक्रार करण्यास निघालो. मीटर निर्दोष होता.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. घरात चार माणसे. प्रत्येकी एक बादली, म्हणजे दिवसास सुमारे पावणेदोन युनिट, महिन्यास ५२. परंतु ६० अंशांपर्यंत तापलेली टाकी स्नानगृहाच्या १२ अंशांच्या हवेत रात्रंदिवस निवत असते, आणि थोडी निवली की यंत्र तिला पुन्हा तापविते. जुन्या टाकीत ही गळती दिवसास १ युनिट धरली, तर दोन टाक्यांची महिन्यास ६० युनिटे होतात. म्हणजे आमच्या घरी आंघोळीस जितकी वीज लागे, तिच्याहून अधिक वीज आंघोळीची वाट पाहण्यात जाई! बंबाच्या काळी असे होणे शक्यच नव्हते, कारण दिवसभर ढलप्या घालीत बसणारा मनुष्य कोणाच्याही घरी नव्हता. दिल्लीत १ ऑगस्ट २०१९ पासून महिन्यास २०० युनिटांपर्यंतचे घरगुती बिल माफ करण्याची योजना लागू झाली, तेव्हा या ६० युनिटांचे महत्त्व अनेकांच्या ध्यानी आले. मर्यादा ओलांडण्यास तेवढी पुरेशी असतात.

या गळतीकडे सरकारचेही लक्ष गेले होते. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला, त्यान्वये २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला आणि २००६ पासून उपकरणांवर ताऱ्यांची चिठ्ठी दिसू लागली. गीझरवरील तारे त्याच्या पाणी तापविण्याच्या वेगाबद्दल काही सांगत नाहीत. न वापरता ठेवलेली टाकी २४ तासांत किती उष्णता गमावते, एवढेच ते सांगतात. तारे अधिक, तर आवरण चांगले आणि गळती कमी. तथापि दोन गोष्टी ग्राहकाने विसरू नयेत. ताऱ्यांचे निकष काळानुसार कडक होत जातात, म्हणून चिठ्ठीवरील वर्षही पाहावे. आणि पाच ताऱ्यांचा गीझर अहोरात्र चालू ठेवणाऱ्यापेक्षा तीन ताऱ्यांचा गीझर आंघोळीपुरताच लावणारा अधिक शहाणा.

नळाच्या वायूवर चालणारे गीझरही द्वारकेत आले. ते पाणी झटपट देतात आणि वाट पाहण्याची गळती त्यांत नसते. पण येथे मॉनसाहेबांचा जुना दोष पुन्हा उभा राहतो. बंद, लहान स्नानगृहात ज्योत जळत राहिली की प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. मनुष्यास प्रथम गुंगी येते आणि दार उघडण्याचे त्राण राहत नाही. दिल्लीच्या हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या वेळोवेळी वाचावयास मिळतात. असे यंत्र घ्यावयाचेच असेल, तर ते स्नानगृहाबाहेर मोकळ्या हवेत बसवावे आणि त्याचे धुराडे बाहेर काढावे. ज्यांच्या बाल्कनीत तशी सोय नाही, त्यांनी या काटकसरीच्या मोहात पडू नये. बंबाला मधली नळी ठेवणाऱ्या तांबटाला जे कळत होते, ते आपण विसरता कामा नये.

सूर्याचे काय, असा प्रश्न पुण्याचे नातलग हटकून विचारतात. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे क्लॅरेन्स केम्प यांनी १८९१ सालीच सूर्यावर पाणी तापविणाऱ्या यंत्राचे एकस्व घेतले होते. पुण्यात गच्च्यागच्च्यांवर सौर बंब दिसतात आणि ते बसविणाऱ्यास महापालिका मालमत्ता करात सवलत देते. द्वारकेत मात्र गच्ची सर्वांची, इमारत आठ मजल्यांची, आणि खालच्या मजल्यावर ऊन पाणी पोहोचेपर्यंत नळीतले बादलीभर गार पाणी वाया जाते. शिवाय ज्या दिवसांत गरज अधिक, त्याच दिवसांत धुके सूर्याला झाकते. ३० डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीचे कमाल तापमान अवघे ९.४ अंश होते. अशा दिवशी सूर्याच्या भरवशावर कोण आंघोळीस बसेल? वरच्या मजल्यावरील कुटुंबांना आणि एकमताने चालणाऱ्या गृहसंस्थांना सौर बंब विजेच्या जोडीने अवश्य उपयोगी पडेल, पण एकमत ही वस्तूही तितकीच दुर्मिळ. हवेतील उष्णता ओढून पाण्यास देणारे ‘हीट पंप’ नावाचे यंत्रही आता मिळते. ते विजेच्या एका युनिटात अडीच-तीन युनिटांइतकी उष्णता देते, मात्र कडक थंडीत हा लाभ घटतो. त्याला जागा लागते आणि किंमतही बरीच पडते.

मग सामान्य कुटुंबाने काय घ्यावे? आमचा अनुभव असा. ६० अंशांचे १५ लिटर पाणी विसण घालून ४० अंशांवर आणले की सुमारे २७ लिटर होते, म्हणजे जवळजवळ दोन बादल्या. २००० वॅटची कॉईल आणखी एका बादलीपुरती उष्णता सुमारे १३ मिनिटांत देते. म्हणजे चौघांच्या आंघोळी पाठोपाठ होणार असतील, तर १५ लिटरची टाकी पुरते. २५ लिटरची गरज फवाऱ्याखाली न्हाणाऱ्यांस. स्वयंपाकघरात ३००० वॅटचा झटपट तापविणारा लहान गीझर बरा, पण त्यातून मिनिटास जेमतेम पावणेदोन लिटर ऊन पाणी येते हे ध्यानात ठेवावे. यंत्रावर भारतीय मानकाची आयएसआय खूण असावी. खालच्या मजल्यावर वरच्या टाकीचा दाब फार येतो, म्हणून टाकी किती दाब सोसते ते विचारावे. जोडणीस चांगले अर्थिंग असावे. जड पाण्याच्या भागात टाकीतील मॅग्नेशियमची कांडी ठरावीक काळाने तपासून घ्यावी. ती स्वतः झिजते आणि टाकीला गंजापासून वाचविते. तापमानाचे बटण शेवटच्या टोकास नेऊ नये, कारण पाणी जितके कढत, तितकी गळती अधिक आणि चुन्याचा थरही जाड.

आम्ही दोन्ही मोठे गीझर काढून एकच १५ लिटरचा पाच ताऱ्यांचा बसविला, आणि सकाळच्या आंघोळी पुन्हा पाठोपाठ होऊ लागल्या. बटण लावण्याची पाळी आता सर्वांची असते. आमचीही. तेवढ्यापुरते आईचे ऋण फिटले असे आम्ही म्हणणार नाही.

गावी नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी बंब चिंच लावून लखलखीत घासून, झेंडूची माळ घालून पाण्याने भरून ठेवीत. द्वारकेत गेल्या दिवाळीस आमच्या नातीने गीझरच्या नळास तशीच माळ बांधली. पहाटे अभ्यंग आटोपल्यावर तिने खालचे बटण बंद केले आणि म्हणाली, ‘आजोबा, बंब विझवला.’ या मंडळाच्या पुढच्या पन्नास वर्षांत पाणी कशावर तापेल हे सांगणे कठीण आहे. आपले पाणी तापल्यावर बंब विझविण्याची सवय मात्र आपल्या घरांतून जाऊ नये, एवढीच आमची विनंती.