तळटीप : ‘तृतीय रत्न’

जोतीराव फुले यांनी १८५५ साली रचिलेले हे नाटक मराठी ग्रंथांना पारितोषिके देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दाखल झाले, परंतु ते नामंजूर झाल्यामुळे त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. गर्भवती कुणबी स्त्री व तिचा पती यांना ग्रहदशेचे भय घालून नाडणारा जोशी आणि प्रसंगागणिक त्या फसवणुकीचा उलगडा करणारा विदूषक अशी त्याची रचना असून, अखेरीस ते दांपत्य विद्या संपादण्याचा निश्चय करते; विदूषकाकडे, म्हणजे लोकांच्या आवडत्या पात्राकडे, अध्यापनाचे काम सोपविण्याची ही योजना आम्हांस विशेष मोलाची वाटते. पुढे जोतीरावांच्या सत्यशोधक चळवळीतील जलशांनी तमाशाचा परिचित ढाचा स्वीकारून लोकशिक्षणाचे हेच कार्य खेडोपाडी नेले.