गुलमर्ग : हिमवृष्टी थांबल्यानंतरही हिमस्खलनाचा धोका कायम का राहतो?

जम्मू-काश्मीरच्या बारामुल्ला जिल्ह्यातील गुलमर्ग सुमारे 2,650 मीटर उंचीवर आहे. येथील गोंडोला रोपवेचा दुसरा टप्पा पर्यटकांना अफरवत पर्वतावर 3,900 मीटरहून अधिक उंचीपर्यंत नेतो. गस्त असलेले आखीव उतार सोडून अनेक स्कीपटू तेथून मोकळ्या पर्वतउतारांकडे वळतात. अशा उतारांवर 1 फेब्रुवारी 2023 रोजी पोलंडच्या दोन, तर 22 फेब्रुवारी 2024 रोजी रशियाच्या एका स्कीपटूचा हिमस्खलनात मृत्यू झाला.

काश्मीरमध्ये हिवाळ्यातील हिमवृष्टी प्रामुख्याने पश्चिमी विक्षोभामुळे होते. दोन विक्षोभांमधील कोरड्या, थंड काळात बर्फाचा पृष्ठभाग गोठतो, मात्र जमिनीलगतचा थर तुलनेने उबदार राहतो. तापमानातील या तफावतीमुळे बर्फाचे कण साखरेसारखे मोठे आणि सुटे होतात. या कमकुवत थरावर पुढील हिमवृष्टीचा भार पडतो. वाऱ्याने वाहून आणलेला बर्फ आडोशाच्या उतारांवर साचून त्यात भर घालतो. अशा वेळी एका व्यक्तीच्या वजनानेही तडा जाऊन बर्फाचा अखंड थर घसरू शकतो. असे हिमस्खलन बहुतांशी 30 ते 45 अंशांच्या उतारांवर होते.

हिमवृष्टी थांबून आकाश निरभ्र होताच स्कीपटूंची गर्दी वाढते. परंतु नव्या बर्फाचा थर तोवर स्थिरावलेला नसतो. पायाखालून येणारा ‘धप्प’ असा दबका आवाज, बर्फात पसरणारे तडे आणि शेजारच्या उतारावरील ताजे हिमस्खलन ही धोक्याची स्पष्ट लक्षणे होत.

बर्फाखाली गाडल्या गेलेल्या व्यक्तीच्या जगण्याची शक्यता पहिल्या 10 ते 15 मिनिटांनंतर झपाट्याने घटते. तेवढ्या वेळात बाहेरील बचाव पथक पोहोचणे बहुधा अशक्य असल्याने सुटका सोबत्यांवरच अवलंबून असते. त्यासाठी प्रत्येकाकडे संदेश देणारा व पकडणारा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून शोध घेण्याची लांब काठी आणि फावडे असणे आवश्यक ठरते. धोक्याचा उतार एका वेळी एकानेच ओलांडावा, हाही मूलभूत नियम आहे.

डीआरडीओची चंडीगडस्थित प्रयोगशाळा जिल्हा आणि उंचीनुसार हिमस्खलनाचा इशारा देते. मात्र हा इशारा विस्तृत प्रदेशासाठी असतो. त्यामुळे धोक्याची पातळी कमी असली, तरी प्रत्येक उतार सुरक्षित आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.