कर्णबधिर सेवा व समूहजीवन : खापर परिसर

कर्णबधिरांच्या मदतीचा विचार श्रवणयंत्राच्या वाटपाशी थांबतो, तेव्हा मुख्य गरज मागे राहते. ती म्हणजे भाषा आणि ती बोलणारी माणसे. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील खापर परिसरात हे ठळकपणे जाणवते. घरी भिली बोली, शाळेत मराठी, सीमेपलीकडे गुजराती. ऐकू न येणाऱ्या मुलाला यांपैकी एकही आपोआप मिळत नाही. कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वांद्र्याला आहे, पण सातपुड्याच्या पायथ्याहून मुंबई फार लांब पडते.

यावर जवळचा उपाय म्हणजे खुणांची (सांकेतिक) भाषा; पण ती शिकवली तर मूल बोलायला शिकणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. कर्णबधिरांच्या शिक्षणावरील १८८० च्या मिलान परिषदेने याच समजुतीने शाळांतून खुणा हटवण्याचा ठराव केला. २०१० मध्ये याच विषयावरील व्हँकूवरच्या परिषदेने तो नाकारला. लहानपणी कोणतीही एक भाषा पक्की झाली, की दुसरी शिकायला आधारच मिळतो. दुसरा आक्षेप संख्येचा : एका गावात अशी मुले मोजकीच. म्हणूनच सेवेचे एकक गाव नव्हे, तालुका धरावा; कर्णबधिर मुले, प्रौढ आणि पालक ठरलेल्या दिवशी एकत्र यावेत, आणि शिकवणारे शक्यतो स्वतः कर्णबधिर असावेत. याला कायद्याचाही आधार आहे : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या साधनांत सांकेतिक भाषा स्पष्टपणे धरली आहे.