गुराख्याची बोली आणि ख्रिस्तसभा

इंग्रजी भाषेचा आज जगभर दबदबा आहे. आपल्या घरांतही मुलाला कोणत्या शाळेत घालावे याचा विचार होतो तेव्हा तिचेच पारडे जड ठरते. अशा वेळी, सुमारे १४०० वर्षांपूर्वी हीच भाषा एक ग्रामीण बोली होती, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. तिच्यात ग्रंथ नव्हते. रून नावाची अक्षरे होती, पण ती दगडावर, लाकडावर वा दागिन्यांवर कोरण्यापुरतीच. या बोलीला ग्रंथांची, कायद्याची आणि प्रार्थनेची भाषा करण्यात ख्रिस्तसभेचा वाटा फार मोठा आहे. तो इतिहास येथे थोडक्यात पाहू.

रोमन सत्ता ब्रिटनमधून मागे हटल्यानंतर, पाचव्या शतकात, आजच्या उत्तर जर्मनी व डेन्मार्ककडील अँगल आणि सॅक्सन टोळ्या तेथे येऊन स्थिरावल्या. त्यांचे देव निराळे होते. परमगुरुस्वामी संत ग्रेगरी यांनी पाठविलेले मठवासी ऑगस्टीन इ.स. ५९७ मध्ये सुमारे ४० सोबत्यांसह केंटच्या किनाऱ्यावर उतरले. तेथील राजा एथेलबर्ट याची राणी बर्था ही फ्रँक राजकन्या आधीपासूनच ख्रिस्ती होती. कँटरबरीत ती प्रार्थना करी ते संत मार्टिनचे मंदिर आजही उभे आहे. पुढे राजानेही स्नानसंस्कार स्वीकारला.

ग्रेगरी यांनी ६०१ साली मिशनरी मेलिटस यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. मूर्ती नष्ट कराव्यात, परंतु मंदिरे पाडू नयेत, त्यांत पवित्र जल शिंपडून वेदी उभारावी, आणि लोक ज्या दिवशी बैल बळी देत त्या दिवसांऐवजी मंदिराच्या अर्पणदिनी वा हुतात्म्यांच्या सणाला मेजवानी करावी, असा त्यांचा सल्ला होता. डोंगर चढणारा माणूस उड्या मारीत नाही, पावलापावलाने चढतो, हे त्यांनी ओळखले होते. लोकांचा जुना देवधर्म मात्र ख्रिस्तसभेने सोडायला लावला, हेही येथे प्रांजळपणे नोंदविले पाहिजे.

याच एथेलबर्टच्या काळात केंटचे कायदे लिहिले गेले, आणि तेही लॅटिनमध्ये नव्हे, लोकांच्या भाषेत. इंग्रजीतील सर्वांत जुना कायदा तो हाच. त्याच्या आरंभीच देवाची व ख्रिस्तमंदिराची मालमत्ता चोरणाऱ्याने बारापट भरपाई द्यावी, असे कलम आहे.

उत्तरेकडे श्रद्धा पोहोचली ती आयर्लंडच्या परंपरेतून. आयोना बेटावरील मठातून संत एडन ६३५ साली नॉर्थम्ब्रियात आले व त्यांनी लिंडिसफार्न येथे मठ स्थापिला. त्यांना तेथील भाषा नीट येत नव्हती. राजा ऑस्वाल्ड वनवासाच्या काळात आयरिश भाषा शिकला होता. म्हणून एडन प्रवचन करीत आणि स्वतः राजा आपल्या सरदारांसाठी त्याचा अनुवाद करी! राजसत्तेने धर्मगुरूच्या शेजारी दुभाषा म्हणून उभे राहावे, असे दृश्य इतिहासात विरळाच.

व्हिटबीच्या मठात स्त्रिया व पुरुष अशा दोन्ही मठवासीयांवर मठाधिकारिणी संत हिल्डा यांची सत्ता होती. त्यांच्या छत्राखाली शिकलेले पाच जण पुढे बिशप झाले. याच मठात कॅडमन नावाचा एक अशिक्षित माणूस गुरे राखीत असे. मेजवानीत वाद्य फिरत फिरत आपल्याकडे येऊ लागले की गाता येत नाही म्हणून तो लाजून उठून जाई. एका रात्री गोठ्यात निजला असता स्वप्नात त्याला सृष्टीच्या निर्मितीचे गीत गाण्याची आज्ञा झाली, अशी हकिकत संत बीड सांगतात. हिल्डांनी त्याला हसण्यावारी नेले नाही. त्यांनी त्याला मठात घेतले, विद्वानांकरवी पवित्र शास्त्र ऐकविले, आणि ते त्याने स्वभाषेच्या पद्यात बांधले.

उपासनेची भाषा लॅटिनच राहिली. तिच्यामुळे ते बेट अखिल ख्रिस्तसभेशी जोडले गेले. आशिया मायनरमधील तार्ससचे थिओडोर ६६९ साली कँटरबरीला आर्चबिशप म्हणून आले. त्यांच्या व आफ्रिकेतून आलेल्या हेड्रियन यांच्या शाळेत लॅटिनबरोबर ग्रीकही शिकविली जाई. जॅरोच्या मठातले बीड हे त्या विद्येचे फळ. त्यांनी ७३१ साली आपल्या लोकांचा धर्मेतिहास लॅटिनमध्ये पूर्ण केला.

पण हेच बीड ७३४ साली यॉर्कचे बिशप एगबर्ट यांना पत्र लिहून खडे बोल सुनावतात. डोंगराळ भागातल्या कित्येक गावांना वर्षानुवर्षे बिशपांचे दर्शन होत नाही, कर मात्र कोणालाच चुकत नाही! ज्यांना लॅटिन कळत नाही त्यांना प्रभूची प्रार्थना आणि प्रेषितांचा विश्वासांगीकार त्यांच्याच भाषेत शिकवा, असा त्यांचा आग्रह होता. ७३५ साली मृत्युशय्येवरही ते संत योहानच्या शुभवर्तमानाचा इंग्रजी अनुवाद सांगत होते.

ख्रिस्तसभेच्या या कार्याला काळी बाजूही होती. मठांच्या जमिनींवर गुलाम राबत. दुसरीकडे गुलामांची मुक्तता वेदीसमोर होई व तिची नोंद शुभवर्तमानाच्या ग्रंथात केली जाई. सेल्सीची जमीन मिळाली तेव्हा बिशप विल्फ्रिड यांनी तिच्यावरच्या २५० गुलाम स्त्रीपुरुषांना स्नानसंस्कार देऊन मुक्त केले.

७९३ साली व्हायकिंगांनी लिंडिसफार्न लुटले. पुढच्या शतकात अनेक मठ उजाड झाले आणि विद्या लयाला गेली. तेव्हा वेसेक्सचा राजा आल्फ्रेड (राज्यकाल ८७१ ते ८९९) याने सर्वांना आवश्यक असे ग्रंथ इंग्रजीत आणण्याचा संकल्प केला. संत ग्रेगरींचा धर्मगुरूंसाठी लिहिलेला ग्रंथ त्याने धर्मगुरूंच्या साहाय्याने अनुवादिला व बिशपांकडे पाठविला. शतकभराने मठवासी एल्फ्रिक यांनी रविवारांची व सणांची प्रवचने इंग्रजीत लिहून ठेवली.

आल्फ्रेडच्या राज्यात मोडणाऱ्या विल्टशायरमध्ये सोळाव्या शतकात फादर थॉमस स्टीफन्स जन्मले. ते १५७९ साली गोव्यात आले. १६१६ साली छापले गेलेले त्यांचे ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत आहे. कॅडमनने आपल्या लोकांसाठी जे केले, तेच या इंग्रजाने आपल्या पूर्वजांसाठी केले.

ज्या इंग्रजीपुढे आज आपण मराठीला कमी लेखतो, ती एकेकाळी एका गुराख्याची बोली होती. तिचे भाग्य उजळले, कारण राजा, मठाधिकारिणी आणि पंडित यांना तिची लाज वाटली नाही. आपल्या मुलांनी इंग्रजी अवश्य शिकावी. परंतु आजीच्या तोंडची प्रार्थना ज्या भाषेत आहे, ती त्यांना वाचता यावी, याची जबाबदारी कोणाची? इतिहासाने विचारलेला हा प्रश्न आम्ही प्रत्येक कुटुंबापुढे ठेवीत आहोत.