एडवर्ड कर्टिस आणि पुसलेले घड्याळ

वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात १९१० सालचे एक छायाचित्र आहे. अमेरिकेतील पिगन जमातीच्या तंबूत लिटल प्लूम आणि त्याचा मुलगा बसले असून दोघांच्या मध्ये एक घड्याळ ठेवलेले दिसते. हेच चित्र ग्रंथात छापून आले तेव्हा घड्याळ पुसलेले होते. छायाचित्रकार होता एडवर्ड कर्टिस. या घड्याळाची चर्चा आजही संपलेली नाही.

कर्टिसचा जन्म १८६८ चा. सिअ‍ॅटल शहरात त्याचा स्टुडिओ होता आणि प्रतिष्ठित मंडळी तेथे आपली तसबीर काढवून घेत. पण त्याला त्याचा खरा विषय सापडला समुद्रकाठी. ज्या सरदाराचे नाव शहराला दिले, त्याचीच म्हातारी लेक अँजेलिन तिथे तिसऱ्या वेचून पोट भरत होती! दर चित्रामागे आपण तिला एक डॉलर दिला, असे कर्टिस सांगे. पुढे १९०६ मध्ये सावकार जे. पी. मॉर्गन याने ७५,००० डॉलर देऊ केले आणि १९०७ ते १९३० या काळात ‘द नॉर्थ अमेरिकन इंडियन’ हा ग्रंथ २० खंडांत निघाला. त्यापायी संसार मोडला, चित्रांचे हक्कही गेले. १९५२ मध्ये तो वारला तेव्हा जग त्याला जवळजवळ विसरले होते.

टीकाकार म्हणतात, त्याने पदरचे पोशाख माणसांना घातले. एकच सदरा वेगवेगळ्या लोकांच्या अंगावर दिसतो. पहिल्या चित्रसंचातले पहिलेच चित्र अंधाराकडे निघालेल्या नवाहो स्वारांचे, आणि नाव ‘लोप पावणारा वंश’. हे लोक तर हयात होते. सरकार त्यांच्या विधींवर बंदी घालीत होते, मुलांना निवासी शाळांत धाडीत होते. ते या चित्रांत जवळपास नाहीच.

आम्हांस घड्याळाची लबाडी लहान वाटत नाही. ज्याच्या घरात घड्याळ आहे तो आपल्याच काळात जगतो. ते काढून घेतले की तो इतिहासजमा होतो, आणि इतिहासजमा झालेल्याची जमीन परत मागायला कोण येणार?

तरीही कर्टिसला आम्ही निकालात काढू शकत नाही. त्याने मेणाच्या नळ्यांवर हजारो गाणी आणि बोल टिपून ठेवले. आज त्याच जमातींचे वंशज ही चित्रे चाळतात, त्यांत आपले पणजोबा-खापरपणजोबा ओळखतात, आणि उसना सदरा कोणता तेही सांगतात.