वेरूळचे कैलास लेणे : न वाचणाऱ्यांसाठी कोरलेली भिंत

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे ३० किलोमीटरवर वेरूळच्या डोंगरात ३४ प्रमुख लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. १९८३ साली युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशात समावेश केला. आज आपण ती पर्यटक म्हणून पाहतो. पूर्व मध्ययुगात मात्र ती निवासाची आणि उपासनेची स्थाने होती.

त्यांपैकी १६ वे लेणे म्हणजे कैलास मंदिर. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याने आठव्या शतकात ते घडविले, असे सामान्यतः मानले जाते. संपूर्ण मंदिर एकाच खडकातून, शिखरापासून पायथ्याकडे कोरीत आणले आहे. एकदा जादा निघालेला दगड पुन्हा जोडता येत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कारागिरांच्या हिशेबाची कल्पना येते. मंदिरावर गिलावा व रंग होता. त्याचे अवशेष अद्याप दिसतात.

मंडपाच्या दक्षिण भिंतीवर रामायण आणि उत्तर भिंतीवर महाभारत ओळीओळींनी कोरले आहे. इ. स. ६०० च्या सुमारास मार्सेय येथील बिशप सेरेनस यांनी चर्चमधील प्रतिमा फोडल्या, तेव्हा पोप संत ग्रेगरी यांनी त्यांना लिहिलेल्या पत्रांची येथे आठवण होते. प्रतिमेची पूजा करू नये. परंतु साक्षराला ग्रंथातून जे मिळते ते निरक्षराला चित्रातून मिळते, असा त्यांचा आशय होता. आमच्या मते यात एक भर घालावी लागेल. ज्याने कथा ऐकलेली नाही, त्याला भिंतीवरची सीता ओळखता येणार नाही. सांगणारा असेल तरच भिंत बोलते. मग ती वेरूळची असो वा आपल्या चर्चमधील क्रूसाच्या वाटेची.

कृष्णराजाने एलापूर येथे बांधलेल्या मंदिराची स्तुती बडोदे येथे सापडलेल्या, इ. स. ८१२-१३ च्या ताम्रपटात आहे. ते पाहून देवही चकित झाले आणि हे आपल्या हातून कसे घडले याचे खुद्द शिल्पकारालाच नवल वाटले, असे त्यात म्हटले आहे. राजांची नावे त्यात आहेत, शिल्पकाराचे नाही.

१० व्या लेण्याच्या छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या आहेत. बुद्धाचे हे चैत्यगृह लोकांत ‘सुताराचे झोपडे’ म्हणून ओळखले जाते, आणि पूर्वी सुतार मंडळी तेथील मूर्तीस विश्वकर्मा मानून दर्शनास येत असत.