विषाणूंची सामाईक वही
इतिहास म्हटला की लढाया आणि तह डोळ्यांपुढे येतात. परंतु तह रोगांच्या बाबतीतही करावे लागतात. जानेवारी २००८ मध्ये नॉर्वेत असे आढळले की, हंगामी एच१एन१ फ्लूचा विषाणू ओसेल्टामिव्हिर या औषधाला दाद देईनासा झाला आहे. त्याच्या जनुकीय मजकुरातील एकच अक्षर पालटले होते. नवल हे की, त्या देशात हे औषध फारसे वापरलेही जात नव्हते. इतर देशांनी आपापले नमुने ताडून पाहिले, तो तोच बदल! डिसेंबरात अमेरिकेतील डॉक्टरांना औषधाचा सल्ला बदलून देण्यात आला.

अशी ताडणी सर्वांच्या नोंदी एकत्र असतील तरच साधते. पण देणाऱ्याच्या पदरी काय पडते? २००७ साली इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने बाहेर पाठवणे थांबवले. नमुने आपले, त्यांवरची लस मात्र आपल्यालाच परवडू नये, ही त्या देशाची तक्रार. आमच्या मते ती रास्तच होती. २००८ साली ‘गिसेड’ हे सामाईक भांडार उघडले. नोंद वापरणाऱ्याने देणाऱ्याचे श्रेय मान्य केलेच पाहिजे, असा तेथे दंडक आहे. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेत लशीच्या वाट्याविषयीही करार झाला. श्रेय देणे सोपे, लस पोचवणे अवघड. त्या कराराची खरी कसोटी फ्लूच्या पुढच्या महासाथीतच लागेल.